कुणी कुणाचं नाव घ्यावं

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर एक छोटासा ब्राह्मी लेख आहे. वैजयंती नगरीचा श्रेष्ठी भूतपाल त्यात म्हणतो की, आपण पुरं करवून घेतलेलं हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे. भूतपालाला दोष देता येत नाही. सुमारे ४५ मीटर लांबीचं हे दालन भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठं आहे, आणि छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. तरी बोलणारा काम करवून घेणाराच. आज जुन्या पुणे–मुंबई रस्त्यावर कार्ले फाट्यापासून लोणावळ्यापर्यंतच्या कुठल्याही व्हिलाची वेबसाइट उघडावी, पहिली ओळ भूतपालाच्याच वळणाची असते. जंबुद्वीपाच्या जागी फक्त 'लोणावळ्यातील सर्वोत्तम' किंवा 'मावळात नंबर वन' एवढा बदल.

चैत्यात आत गेलं की मजकुराची जात बदलते. खांबांवर आणि दारांपाशी निरनिराळ्या माणसांची आणि गावांची नावं आहेत. धेनुकाकटाहून आलेले यवन आहेत, सोपाऱ्याचा एक धर्मग्रंथ पाठ करणारा भिक्षू आहे, सिंहदत्त नावाचा अत्तर-सुगंधाचा व्यापारी आहे, दरवाजाचं काम करणारा सामि नावाचा सुतार आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याची नोंद आहे; तिथे या डोंगराचं नाव वलूरक असं येतं. धेनुकाकट नेमकं कुठे होतं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. गणिती असूनही मावळचे डोंगर पायी पालथे घालणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी त्यावर १९५० च्या दशकात लिहिलं. ठिकाण सापडो न सापडो, एक गोष्ट उघड आहे. परगावच्या माणसांनी गाठीचं खर्चून या डोंगराशी आपलं नाव जोडलं. भूतपालाच्या एका ओळीपेक्षा इतिहासकाराला या नावांच्या यादीचा आधार जास्त वाटतो.

गूगलचा जन्म नेमक्या याच फरकातून झाला.

१९९५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेलं अल्टाव्हिस्टा आणि त्या काळातली इतर शोधयंत्रं प्रामुख्यानं पानावरचे शब्द वाचत. जो शब्द शोधला तो ज्या पानावर ठळक आणि वारंवार, ते पान वर. म्हणजे सगळी मदार भूतपालावर. पानाच्या मालकानं 'हॉटेल हॉटेल हॉटेल' असं पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शंभरदा लिहिलं तरी यंत्राला ते खरं वाटे. १९९६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी उलट बाजूनं मोजायला घेतलं. पान स्वतःबद्दल काय म्हणतं हे न बघता, इतर किती आणि कोणती पानं त्याच्याकडे बोट दाखवतात ते बघायचं. मागून येणाऱ्या अशा लिंकला बॅकलिंक म्हणतात, म्हणून पहिल्या प्रयोगाचं नावच 'बॅकरब' होतं. त्याच वर्षी रॉबिन ली यानंही लिंकवर आधारलेली 'रँकडेक्स' ही पद्धत तयार केली होती. पुढे चीनमधल्या बायडूचा संस्थापक म्हणून तो प्रसिद्ध झाला.

कल्पना अगदी कोरी नव्हती. युजीन गारफिल्ड या अमेरिकी ग्रंथसूचीकारानं १९५५ मध्येच सुचवलं होतं की, शास्त्रीय लेखाचं वजन ठरवायचं तर त्याचा हवाला पुढे कुणी कुणी दिला ते मोजावं. १९६० च्या दशकात त्यानं तशी सूचीच छापायला सुरुवात केली. पेज-ब्रिन यांनी त्यात एक मोलाची भर घातली. हवाला देणारा स्वतः किती वजनाचा आहे, तेही त्यांनी मोजलं. या पद्धतीवरच्या 'पेजरँक' निबंधाच्या चार लेखकांत जम्मूत जन्मलेले, आयआयटी कानपूरचे पदवीधर राजीव मोटवानी होते. पद्धतीचं पेटंट मात्र विद्यापीठाच्या नावावर राहिलं. त्या बदल्यात मिळालेले गूगलचे शेअर स्टॅनफर्डनं २००५ पर्यंत विकले, तेव्हा ३३ कोटी डॉलरांहून जास्त रक्कम हाती आली.

पेजरँकचं गणित कागदावर करून पाहता येतं, आणि करून पाहावं. पुढची पंचवीस वर्षं जो खेळ चालला तो त्यातच दिसतो. समजा, साऱ्या इंटरनेटवर तीनच पानं आहेत: एक कार्ले लेण्यांची माहिती देणारं, एक फाट्यावरच्या खानावळीचं आणि एक पवना धरणाकाठच्या तंबूवाल्याचं. खानावळवाला आपल्या पानावरून लेण्यांच्या पानाची लिंक देतो, तंबूवालाही देतो. लेण्यांचं पान एकच लिंक देतं, जेवायची सोय म्हणून खानावळीची. तंबूवाल्याची लिंक कुणीच दिलेली नाही. पेज-ब्रिन या दोघांच्याच १९९८ च्या दुसऱ्या निबंधातल्या सूत्रात प्रत्येक पानाच्या पदरात ०.१५ आधीच पडलेले असतात. बाकीचे गुण लिंक देणाऱ्या पानांकडून येतात: देणाऱ्याच्या गुणांचे ८५ टक्के, आणि त्यानं जितक्या लिंक दिल्या असतील तितक्यांत वाटून. हिशेब पुन्हा पुन्हा फिरवत नेला की आकडे स्थिरावतात. लेण्यांचं पान १.४६, खानावळ १.३९, तंबू ०.१५. खानावळीला मिळालेली लिंक एकच. पण ती लेण्यांच्या पानाची.

आता तंबूवाला शहाणा होतो. दहा रिकामी पानं उघडतो, प्रत्येकावरून स्वतःलाच लिंक देतो, आणि लेण्यांच्या पानाला दिलेली लिंक काढून टाकतो. रिकाम्या पानाचे गुण ०.१५, त्याचे ८५ टक्के ०.१२७५, दहांचे मिळून १.२७५. त्यात स्वतःचे ०.१५ घातले की तंबू १.४२५ वर जातो. लेणी आणि खानावळ एकमेकांकडे बोट दाखवत प्रत्येकी १ वर येऊन थांबतात. सातवाहनांच्या काळातल्या चैत्यगृहाच्या डोक्यावर पवनेचा तंबू, आणि त्याचं नाव तर परक्या कुणी घेतलेलंच नाही! मूळ सूत्रातली ही फट शोधयंत्राच्या धंद्यात सगळ्यांनाच ठाऊक झाली. दहाच्या जागी दहा हजार पानं उघडायला एखाद्या पोराला एक रात्र पुरत होती.

पुढची कथा म्हणजे चोर-पोलिसांचा खेळ. फक्त इथे पोलीस आपले नियम सांगायचे थोडे आणि बदलायचे फार. लिंकांची 'शेतं' निघाली, हजारो साइटी एकमेकींना लिंक देत बसल्या. इतरांच्या पानांखाली प्रतिक्रियांच्या नावानं लिंक टाकण्याचा सुळसुळाट झाला, तेव्हा २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 'नोफॉलो' ही खूण स्वीकारली. लिंक तर द्यायची, पण शोधयंत्राला सांगायचं की ही आमची शिफारस समजू नका. इंग्रजी विकिपीडियानं २००७ मध्ये बाहेर जाणाऱ्या सगळ्या लिंकना ती खूण लावली. आजही मावळातले काही बंगलेवाले विकिपीडियाच्या 'कार्ला केव्ह्ज' लेखात आपल्या साइटची लिंक घुसवतात, आणि कुणा स्वयंसेवकानं काढली की चिडतात. राहिली असती तरी तिचा रँकिंगला फारसा उपयोग नव्हता.

मोठे धंदेही यात सापडले. अमेरिकेतलं जे. सी. पेनी हे जुनं वस्तुभांडार २०१० च्या सणासुदीत कपड्यांपासून अंथरुणांपर्यंत कशाचाही शोध घेतला तरी गूगलवर वर दिसत होतं. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं २०११ च्या फेब्रुवारीत त्याचा माग काढला. विषयाशी काडीचा संबंध नसलेल्या दोन हजारांवर पानांवरून पेनीच्या साइटकडे लिंक येत होत्या, बहुतेकींवर नेमके 'ड्रेसेस'सारखे शब्द चिकटवलेले. गूगलनं हातानं कारवाई केली. प्रवासी बॅगेच्या एका शोधात संध्याकाळी सात वाजता पहिल्या क्रमांकावर असलेली पेनी नऊ वाजता एकाहत्तराव्या क्रमांकावर होती. दोन वर्षांनी ब्रिटनमध्ये फुलं पोहोचवणाऱ्या इंटरफ्लोराची पाळी आली. प्रादेशिक वर्तमानपत्रांत जाहिरातवजा लेख छापून आणून त्यांतून लिंक मिळवल्या होत्या. व्हॅलेंटाइन डे उलटताच कंपनी तिच्या स्वतःच्या नावाच्या शोधातूनही गायब झाली आणि सुमारे अकरा दिवसांनी परत दिसू लागली. ज्या वर्तमानपत्रांनी पैसे घेऊन त्या लिंक दिल्या, त्यांचंही वजन उतरवलं गेलं. आपल्याकडच्या पुरवण्यांत 'खास प्रतिनिधी'च्या नावानं रिसॉर्टची तारीफ छापून आणणाऱ्यांनी हे प्रकरण मुद्दाम वाचावं.

या दोन्ही घटनांच्या मध्ये, २४ एप्रिल २०१२ रोजी, 'पेंग्विन' नावाचं गूगलचं नवं तंत्र आलं.  बनावट लिंकच्या जोरावर वर आलेल्या साइटी आपोआप खाली ढकलणारी ती आज्ञावली होती. इंग्रजी शोधांपैकी सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला, असं गूगलनंच सांगितलं. आकडा लहान वाटतो, पण त्या ३ टक्क्यांत अनेकांची पोटं होती. लिंक विकत घेऊन वर आलेली दुकानं एका आठवड्यात दिसेनाशी झाली. २०१६ च्या सप्टेंबरपासून पेंग्विन मुख्य आज्ञावलीचाच भाग झालं आणि त्याचा रोखही बदलला. संशयास्पद लिंकबद्दल साइटला शिक्षा करण्याऐवजी ती लिंक शून्य धरायची, हा सध्याचा सर्वसाधारण शिरस्ता आहे.

शून्य. हा शब्द मावळातल्या धंदेवाल्यापर्यंत मात्र पोहोचलेला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर, बंगले भरायच्या दिवसांत, त्याला फोन येतो. "सर, महिन्याला पाचशे बॅकलिंक देऊ, सगळ्या हाय डीए. तीन महिन्यांत पहिल्या पानावर." डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी. हा आकडा मॉझ नावाच्या एका खासगी अमेरिकी कंपनीनं स्वतःच्या पद्धतीनं काढलेला आहे. गूगल तो वापरत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलच्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलं आहे. तरी हमी विकली जाते, कारण ती घेणाऱ्याला तपासायची कशी ते माहीत नसतं. महिनाअखेर एक तक्ता येतो. त्यात कुठल्या कुठल्या अनोळखी निर्देशिकांची, परदेशी औषधविक्रीच्या आणि जुगाराच्या पानांची नावं असतात. त्या यादीतल्या एकाही पानावर कार्ल्याला येऊ पाहणारा माणूस जन्मात जाणार नाही. या एका कसोटीवर विकाऊ लिंक ओळखता येते: तिच्यावर कुणी माणूस बोट ठेवून इकडे येईल का? उत्तर नाही असेल, तर गूगलचं उत्तरही बहुधा तेच असतं.

दुसरीकडे लिंक अगदीच निकामी झाल्या, असं म्हणणंही अर्धसत्य आहे. २०१६ मध्ये गूगलच्या एका अधिकाऱ्यानं लिंक आणि मजकूर हे क्रमवारीचे सर्वांत वरचे निकष असल्याचं सांगितलं होतं. २०२३ मध्ये त्याच कंपनीचे गॅरी इलिश म्हणाले की, लिंक आता पहिल्या तीन निकषांतही नाहीत. धंद्यात या विधानावरून बरंच वाजलं, कारण सांगणारी कंपनी स्वतःच्या हिताचंही बोलत असते. पण दिशा पटण्यासारखी आहे. थोड्या लिंक पुरतात. त्या खऱ्या असाव्या लागतात.

मग कार्ल्यात खरी लिंक कुठून येते? इथे या परिसराच्या श्रीमंतीकडे बघावं लागतं, आणि ती श्रीमंती वाया जाताना बघून हळहळही वाटते. वेहेरगावच्या डोंगरावर लेणी आणि एकवीरा एकाच अंगणात आहेत. कोळी, आगरी, सीकेपी अशा अनेकांची ही कुलदेवता. चैत्रातल्या यात्रेला मुंबई, ठाणे, रायगडातून माणसं लोटतात. रस्ता ओलांडून पलीकडे मळवली स्टेशन, तिथून भाजे लेणी, वर लोहगड आणि विसापूर. दक्षिणेला पवनेचं पाणी. लोक रोज काय शोधतात? मळवलीला लोकल किती वाजता, स्टेशनवरून भाजे चालत जाता येतं का, एकवीरेला म्हाताऱ्या आईला घेऊन जायचं तर गाडी कुठपर्यंत जाते आणि पुढे पायऱ्या किती, यात्रेच्या दिवशी लेणी बघता येतील का, पावसात लोहगडची वाट कशी असते. हे सगळं इथल्या बंगलेवाल्याला, खानावळवाल्याला, टेम्पोवाल्याला तोंडपाठ आहे. त्याच्या वेबसाइटवर मात्र 'निसर्गाच्या सान्निध्यात अविस्मरणीय क्षण' एवढंच असतं, आणि तेही शेजारच्या साइटवरून उचललेलं.

'निसर्गाच्या सान्निध्यात' या ओळीची लिंक कोण कशाला देईल? पण 'मळवली ते भाजे: पावसाळ्यात चालताना' हे पान खरोखर कुणी नीट लिहिलं, वाटेतले फाटे आणि खानावळी सांगितल्या, दोन स्वतः काढलेले फोटो दिले, की ते इतरांच्या कामाला येतं. ट्रेकिंगचा गट आपल्या मोहिमेच्या पानावर त्याची लिंक देतो, म्हणजे पन्नास माणसांना फोनवर वाट समजावून सांगायला नको. पुण्यातली शाळा सहलीच्या सूचनापत्रकात ती देते. पुण्या-मुंबईचा वार्ताहर पावसाळी पर्यटनाच्या बातमीत ती देतो. यातल्या कुणाचाही बंगल्याच्या धंद्याशी संबंध नाही, आणि म्हणूनच त्या लिंकला किंमत आहे. बंगल्याचं पान थेट वर येत नाही. वर येतं ते वाटेचं पान, आणि त्याच्याच आतून 'राहायची सोय' अशी लिंक बंगल्याकडे जाते. तीन पानांच्या त्या हिशेबातली खानावळ आठवावी.

यासाठी नजर मोठ्या शब्दांवरून काढून घ्यावी लागते. 'लोणावळ्यात हॉटेल' या शोधात मोठ्या बुकिंग कंपन्यांशी टक्कर देणं एकट्या मालकाला झेपणारं नाही. त्यांच्याकडे लाखो लिंक आहेत. पण मेकमायट्रिपला एकवीरेच्या यात्रेची गर्दी कुठून कळणार?

सरकारी नोंदींचाही इथे उपयोग आहे, फक्त लिंकसाठी नव्हे. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे, कार्ल्यात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्वतःचं रिसॉर्टही आहे. राज्यानं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. या योजनांत रीतसर नोंद झालेल्याचं नाव अधिकृत यादीत जातं. व्हिलाच्या नावानं बनावट साइट काढून आगाऊ पैसे उकळण्याच्या तक्रारी या पट्ट्यात होत आल्या आहेत. गाडीभर माणसं दारात येतात आणि तिथे असा बंगलाच नसतो. अशा ठिकाणी अधिकृत यादीतलं नाव गिऱ्हाइकालाही दिसतं आणि शोधयंत्रालाही.

एक पथ्य. ज्या लिंकचे पैसे दिले-घेतले, तिला 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावायची असते. २०१९ मध्ये गूगलनं ती नोफॉलोच्या जोडीला आणली. इन्स्टाग्रामवरच्या एखाद्या पोराला फुकट दोन रात्री राहायला देऊन त्याच्या साइटवर लिंक मागणं हाही गूगलच्या नियमांनुसार मोबदलाच. शेजारच्या वीस व्हिलांनी एकमेकांची लिंक देण्याचा 'समूह' करणं तर उघडच नियमाबाहेर. पण जिथून दूध घेतो त्या डेअरीची, जो टेम्पो स्टेशनवरून पाहुणे आणतो त्याची लिंक आपल्या 'कसे यावे' पानावर दिली, तर त्यात काही गैर नाही. वाचणाऱ्याला ती लागते.

लिंक मिळवण्यापेक्षा मिळालेली घालवणं जास्त सोपं असतं, आणि मावळात ती घालवण्याचे दोन ठरलेले मार्ग आहेत. पहिला, दरवर्षी नवं पान. यात्रेची माहिती देणारं पान चैत्रापूर्वी टाकायचं आणि पुढच्या चैत्रात त्याच्या शेजारी दुसरं. गेल्या वर्षी ज्या दहा जणांनी लिंक दिली, त्या शिळ्या पानाकडे जात राहतात. नव्या पानाची सुरुवात पुन्हा ०.१५ वरून. पत्ता एकच ठेवून आतली तारीख बदलली, तर दरवर्षीच्या लिंक एकाच ठिकाणी साचतात. दुसरा मार्ग जास्त महागात पडतो. साइट करणारा मुलगा बदलतो, नवी साइट येते, जुन्या पानांचे पत्ते मरतात. पत्ता बदलायचाच असेल तर जुन्या पत्त्यावर '३०१' प्रकारची कायमची वळवणी लावायची असते, म्हणजे वाचक आणि वजन दोन्ही नव्या पानावर जातात. हे काम तासाभराचं आहे, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. त्याहून वाईट म्हणजे डोमेन साइट करणाऱ्याच्याच नावावर नोंदवलेलं असतं. तो गावाबाहेर गेला, नूतनीकरणाचं बिल भरायचं राहिलं, की नाव मोकळं होतं. बंद पडलेली डोमेनं त्यांच्यावर साचलेल्या लिंकसाठी विकत घेणारे लोक टपलेलेच असतात. एखाद्या बंद पडलेल्या ट्रेक क्लबच्या पत्त्यावर अचानक ऑनलाइन जुगार दिसतो तो यामुळेच. २०२४ च्या मार्चमध्ये गूगलनं मुदत संपलेल्या डोमेनांचा असा वापर स्पॅमच्या यादीत घातला.

पान टिकवण्याइतकंच ते वेळेआधी उभं असणंही महत्त्वाचं. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाखाली बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत मळवलीच्या डोक्यावरचा लोहगड आहे. देशभरातल्या वार्ताहरांना त्या दिवशी लोहगडबद्दल ताजी, नेमकी माहिती हवी होती: पायथ्याचं गाव कोणतं, दरवाजे किती, विंचूकाटा माची कुठे. अशा वेळी जे पान आधीपासून उभं असतं, त्याच्याकडेच लिंक येतात. बातमी आल्यावर लिहायला बसणाऱ्याच्या हाती उरलंसुरलं लागतं.

नकाशावरच्या शोधाचं गणित थोडं वेगळं आहे. 'जवळची खानावळ' असा शोध घेतला की गूगल नकाशा तीन गोष्टी बघतो, आणि त्या त्यानं जाहीर केल्या आहेत: विषय जुळतो का, अंतर किती, आणि ठिकाण किती प्रसिद्ध. पहिलं मालकाच्या हातात आहे, दुसरं अजिबात नाही. तिसऱ्यात गिऱ्हाइकांचे अभिप्राय येतात, तशाच लिंक, बातम्या आणि निर्देशिकांतल्या नोंदीही. इथे छोट्या चुका मोठ्या ठरतात. एकीकडे पत्ता 'कार्ला', दुसरीकडे 'कार्ली', तिसरीकडे 'वेहेरगाव', आणि फोन नंबर दोन निरनिराळे, असं असलं की ही तीन दुकानं की एक, हे यंत्राला ठरवावं लागतं.

हे सगळं तपासायला पैसे पडत नाहीत. गूगलचं 'सर्च कन्सोल' फुकट आहे. साइटची मालकी सिद्ध केली की त्यातल्या 'लिंक्स' या भागात कोणत्या साइटी आपल्याकडे बोट दाखवतात आणि आपल्या कोणत्या पानाकडे, याची यादी मिळते. वरची वीस नावं वाचून काढावीत. त्यात ट्रेकिंगचा गट असेल तर त्यांना पावसाळ्यापूर्वी वाट कशी आहे ते कळवावं. शाळा असेल तर पुढच्या सहलीआधी पान ताजं करावं. कुठल्या साइटवरून मेलेल्या पत्त्याकडे लिंक येत असेल तर त्यांना नवा पत्ता पाठवावा. यादीत ओळखीचं नसलेलं, कुठल्या तरी परदेशी भाषेतलं जुगाराचं पान दिसलं की मालक घाबरतो. अशा लिंक नाकारण्यासाठी गूगलनं २०१२ मध्ये 'डिसअव्हाउ' नावाचं साधन दिलं. पण हातानं केलेल्या कारवाईची नोटीस कन्सोलमध्ये आलेली नसेल, आणि पूर्वी लिंक विकत घेतलेल्या नसतील, तर त्याला हात लावायची गरज नसते. ती लिंक तशीही शून्यातच धरलेली असते.